एकदम सांगायचं नसतं

कर्जाच्या कंपनीकडून बाबांच्या नावाने ‘लवकर बरे व्हा’ असं कार्ड आलं, तेव्हा बाबांना जाऊन दोन महिने आणि अकरा दिवस झाले होते.

कार्ड चांगल्या जाड कागदाचं होतं. वर पिवळ्या फुलांचा गुच्छ, आत छापलेल्या दोन ओळी आणि खाली खऱ्या शाईतली कुणाची तरी सही. लेकीने ते खालच्या पत्रपेटीतून काढलं आणि जिना चढता चढता वाचलं. दारात पोचल्यावर पुन्हा वाचलं. मग पाकिटात आणखी काही आहे का म्हणून झटकलं, तर घडी घातलेलं एक पत्र खाली पडलं. पत्रावर फुलं नव्हती.

“आई, हे काय आहे?”

आईने ओट्यापाशी हात पुसले, चष्मा लावला आणि तिचा चेहरा उजळला. “अगबाई! कार्ड पाठवलं त्यांनी? बघ, माणसं किती चांगली असतात.”

“कंपनीला कुणी सांगितलं बाबा आजारी आहेत म्हणून?”

“मीच.”

“आई, बाबा आजारी नाहीयेत.”

“मला माहीत नाही का ते?” आई म्हणाली. “पण एकदम कसं सांगायचं?”

आईच्या माहेरी वाईट बातमी एकदम सांगायची पद्धतच नव्हती. आधी ‘जरा बरं नाही’ म्हणायचं. मग ‘डॉक्टरांना बोलावलंय’. मग ‘जमलं तर निघून या’. उरलेलं ज्याचं त्याने बसच्या खिडकीशी बसून समजून घ्यायचं. आईचा भाऊ वारला तेव्हा ती बातमी तिला पाच जणांनी मिळून नऊ तासांत सांगितली होती. “इतकं व्यवस्थित सांगितलं त्यांनी,” आई अजून कौतुकाने म्हणायची, “की मी दारात पोचले तेव्हा माझं निम्मं रडून झालं होतं.” बातमी फोडणाऱ्या माणसाला तिच्या लेखी खाटकाइतकीच किंमत होती.

कर्ज होतं सोफ्याचं. दोन वर्षांपूर्वी लेक आईबाबांना घेऊन या शहरात आली. खोली एकच होती आणि बसायला दोन खुर्च्या. कुणी आलं तर बसायचं कुठे, या काळजीने बाबा एका दुकानात नुसती चौकशी करायला गेले. दुकानातल्या माणसाने त्यांना सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, अर्धा तास गप्पा मारल्या. एवढं सगळं झाल्यावर नुसतं उठून यायला बाबांना लाज वाटली. त्यांनी छत्तीस हप्त्यांवर सोफा घेतला. तो जिन्यातून वर येईना, म्हणून खिडकीची चौकट काढून घेतला आणि तेव्हापासून अर्ध्या खोलीत तोच होता. त्या दोन वर्षांत घरी एकही पाहुणा आला नाही. हप्ता भरायला बाबा दर महिन्याला स्वतः चालत जात, खिडकीवर रोख देत, पावती घेऊन परत येत. शेवटच्या महिन्यात मात्र ते ‘उद्या जातो, उद्या जातो’ म्हणत राहिले होते.

बाबा गेल्यावर लेकीने एकदा विचारलंही होतं, “कंपनीला कळवलंस ना?” त्यावर आई म्हणाली होती, “सांगतेय.” हे उत्तर किती काटेकोर होतं ते लेकीला आज कळलं.

“म्हणजे तू त्यांना रोज...?”

“रोज नाही गं. दर बुधवारी. त्यांचाच फोन येतो. ते सर्दीवाले.”

वसुली विभागातल्या त्या माणसाला कायम सर्दी असे. पहिल्या बुधवारी त्याने “साहेब आहेत का?” एवढं विचारलं आणि लागोपाठ चार वेळा शिंकला. “आता ज्याला धड श्वास घेता येत नाही,” आई म्हणाली, “त्याला असली बातमी द्यायची? मी म्हटलं, ते आत्ता घरात नाहीत. आणि खोटं कुठे होतं त्यात?” दुसऱ्या बुधवारी आईने ‘तब्येत नरम आहे’पर्यंत मजल मारली. तिसऱ्या बुधवारी बाबांना इस्पितळात हलवलं. चौथ्या बुधवारी ‘डॉक्टर काही बोलत नाहीत’ असं सांगून तिने पुढच्या वेळेची सगळी तयारी करून ठेवली.

“मग?”

“मग पाचव्या बुधवारी फोन आला, तर त्यांचाच आवाज इतका पडलेला. म्हणाले, काकू, माझे वडीलही असेच होते, डॉक्टरांनी हात टेकले होते आणि एके सकाळी त्यांनी डोळे उघडले. तुमचे साहेबही उघडतील बघा. आता असं कुणी म्हटल्यावर...”

“आई, तू काय सांगितलंस?”

आईने कार्ड टेबलावर उभं करून ठेवलं. “म्हटलं, हो, आजच उघडलेत.”

तिथून गाडी उलटी फिरली ती फिरलीच. सहाव्या आठवड्यात बाबांनी सूप घेतलं. सातव्यात उशीला टेकून बसले. आणि नवव्या बुधवारी ते काठी न घेता जिन्यापर्यंत चालून आले होते.

लेकीने ते दुसरं पत्र उलगडलं. आईने जे जे सांगितलं ते ते पलीकडे कुणीतरी इमानेइतबारे नोंदवलं होतं. ‘इस्पितळात’ या नोंदीवर कंपनीने आपणहून आजारपणाची सवलत लावली होती आणि हप्ते पुढे ढकलले होते. ‘जिन्यापर्यंत चालले’ या नोंदीवर ती सवलत संपली होती. थकलेले चार हप्ते आणि सवलत दिल्याचा आकार, अशी सगळी रक्कम येत्या पाच तारखेला करारात नोंदवलेल्या बँकखात्यातून थेट वळती होणार होती. ग्राहकाच्या प्रकृतीत पडलेल्या फरकाबद्दल कंपनीला आनंद होत होता.

खातं बाबांचं आणि लेकीचं मिळून एकच होतं. इथे नव्याने आलेल्यांना दोन खाती उघडायची तर दुप्पट कागद लागत, म्हणून त्यांनी एकातच भागवलं होतं. लेकीचा पगार त्याच खात्यात एक तारखेला जमा होई आणि सात तारखेला घरभाडं द्यायचं असे. बाबांच्या वेळी झालेल्या खर्चामुळे एक भाडं आधीच थकलं होतं. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी तिला जिन्यात गाठून सांगितलं होतं, “वाईट वाटतं गं मला. पण या वेळी सात म्हणजे सात. आठ तारखेला मी खोली दुसऱ्यांना दाखवणार.” पाच तारखेला कंपनीने हात मारला की सात तारखेला द्यायला खात्यात उरणार होते ते जेमतेम आठवड्याच्या भाजीचे.

दुसऱ्या दिवशी लेक अर्धी रजा टाकून सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात गेली. तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी ‘नव्याने आलेल्यांसाठी मोफत कर्ज-सल्ला’ मिळे. एका भिंतीला लहान मुलांची चित्रं लावलेली होती आणि त्यांच्याखाली मोठी माणसं मांडीवर पिशव्या घेऊन मुकाट बसली होती. सल्लागार बाईंच्या नाकावर एक चष्मा होता आणि केसांत दुसरा.

“नवीन का तुम्ही?”

“दोन वर्षं झाली.”

“म्हणजे नवीनच. न उघडलेली पत्रं किती आणलीत?”

“सगळी उघडलेली आहेत.”

बाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. “बरं. मग तुमचं काहीतरी होऊ शकतं. हे भरा.”

तो जमाखर्चाचा तक्ता होता. लेकीने नेटाने भरला. इस्पितळाच्या धुलाईघरातला पगार, भाडं, वीज, प्रवास. बाईंनी पेनाचं टोक एकेका ओळीवरून खाली आणलं आणि थांबवलं.

“घरात माणसं तीन. तुम्ही, आई, वडील. वडिलांच्या खर्चाची ओळ कोरी सोडलीत.”

“त्यांचा खर्च काही नाही.”

“काहीच नाही? जेवणखाण? दाढी? औषध? बाई, तीस वर्षं मी हे काम करतेय, असा काटकसरी माणूस मला अजून भेटायचाय.”

तीन हा आकडा आपण का लिहिला, हे लेकीला सांगता येईना. तिने पिशवीतून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातून मृत्यूचा दाखला काढला आणि टेबलावरून पुढे सरकवला. बाईंनी नाकावरचा चष्मा काढून केसांतला लावला. दाखला वाचला. मग कर्जाचा करार वाचला.

“कर्ज यांच्या एकट्याच्या नावावर? जामीन कुणी नाही? मागे काही मालमत्ता?”

“सोफा आहे.”

“मग प्रश्नच मिटला! इथल्या नियमाप्रमाणे असं कर्ज माणसाबरोबर संपतं. दाखला मिळाला की खातं बंद. अभिनंद–” बाईंनी उरलेला शब्द खोकून गिळला. “म्हणजे, हे फार सोपं आहे. इतकं सोपं प्रकरण माझ्याकडे वर्षभरात आलेलं नाही.”

त्यांनी तिथल्या तिथे पत्र टाइप केलं, दाखल्याची प्रत जोडली, शिक्का मारला. पगारासाठी वेगळं खातं उघडता येईल का, असं लेकीने विचारलं, तेव्हा मात्र त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्याला तीन आठवडे लागत आणि जुन्या खात्यातून पगार हलवायचा तर दोन्ही खातेदारांनी समक्ष हजर राहावं लागे.

पाचव्या दिवशी कंपनीच्या पडताळणी विभागातून धुलाईघरात फोन आला. लेक त्या वेळी इस्त्रीच्या मोठ्या रोलरपाशी उभी होती. गरम चादर बाहेर आली की दोघींनी दोन टोकं धरायची आणि थंड व्हायच्या आत चार घड्या घालायच्या. पर्यवेक्षिकेने हाक मारली तशी टोक तिच्या हातातून सुटलं.

“तुम्ही पाठवलेला दाखला आमच्या नोंदींशी जुळत नाही,” पलीकडची बाई म्हणाली. “दाखल्यावरच्या तारखेनंतर पाच आठवड्यांनी ग्राहकाने डोळे उघडले आहेत.”

“नाही उघडले.”

“सहाव्या आठवड्यात सूप घेतलं आहे. नवव्या आठवड्यात ते जिन्यापर्यंत चालत गेले. ध्वनिमुद्रण आहे आमच्याकडे.”

“पण दाखला सरकारी आहे!”

“बाई, दाखले आम्ही पुष्कळ पाहतो. गेल्या महिन्यात एक गृहस्थ स्वतःच्या मृत्यूचा दाखला स्वतः आणून देऊन गेले. पावतीसुद्धा मागितली.”

“मग मी करू काय?”

उपाय होता आणि तो बाईने पाठ म्हटल्यासारखा सांगितला. ज्या व्यक्तीने फोनवर माहिती दिली, तिनेच त्याच क्रमांकावर फोन करून ती दुरुस्त करायची. पाच तारखेच्या आत. नातं, वार, तारीख, वेळ, सगळं स्पष्ट. “आणि शब्द नेमके हवेत. देवाघरी, शांत झाले, सोडून गेले, असलं काही चालत नाही. मागे एकींनी ‘सोडून गेले’ सांगितलं, तर आमच्या माणसाने घटस्फोट नोंदवला.”

त्या संध्याकाळी आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि फोनकडे पाठ केली.

“मी नाही बोलणार असं. तू बोल. तुला जमतं ते कचेरीतलं.”

“तूच हवी आहेस, आई. तुझा आवाज.”

“तुझा माझा आवाज सारखाच आहे. सगळे म्हणायचे.”

दोन दिवस आईची मनधरणी करून थकल्यावर शुक्रवारी लेकीने तेही करून पाहिलं. पदर तोंडाशी धरून आई बोलते तसा तिने ओढणीचा बोळा तोंडाशी धरला आणि नंबर लावला. पलीकडे आधी शिंक आली, मग आवाज.

“बोला.”

“भाऊ, मी बोलतेय.”

“कोण मी?” सर्दीवाला सावध झाला. “या काकू नाहीत. काकू आधी माझ्या सर्दीची चौकशी करतात. कोण आपण? काकू कुठे आहेत? त्यांना काही झालंय का?”

लेक गडबडली. समोर आई डोळे मोठे करून बसली होती. काहीतरी बोलणं भाग होतं, आणि तोंडातून आलं ते आपोआप आलं.

“नाही, नाही. विशेष काही नाही. आईला जरा बरं नाहीये.”

बोलून झाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. तिने फोन ठेवला.

“बघ,” आई म्हणाली. “तुलाही नाही सांगता आलं.”

मंगळवारी दुसरं कार्ड आलं, आईच्या नावाने. या वेळी फुलं जांभळी होती. सोबत पत्र होतंच. घरातल्या दोन्ही ज्येष्ठ व्यक्ती आजारी असल्याचं कळून कंपनीला खेद वाटत होता. माहिती देणारी व्यक्ती आजारी असताना तिचं निवेदन घेणं माणुसकीला धरून होणार नाही, म्हणून ती बरी होईपर्यंत दुरुस्ती थांबवण्यात येत होती. पाच तारखेची वसुली मात्र ठरल्याप्रमाणे होणार होती. पाच तारीख परवावर आली होती.

आई ते दुसरं कार्ड पहिल्याशेजारी उभं करायला गेली आणि लेकीचा बांध फुटला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“त्या दिवशी तू माझ्या कामावर फोन केलास. काय निरोप ठेवलास, आठवतंय?”

आई कार्ड हातात धरून उभी राहिली.

“पर्यवेक्षिकेने मला शब्दन् शब्द सांगितलं. ‘वडिलांना जरा बरं नाही, सवडीने ये.’ सवडीने, आई! एक पूर्ण ट्रॉली राहिली होती. मी तिला म्हटलं, एवढ्या घड्या घालते आणि निघते. ऐंशी चादरी. चाळीस मिनिटं. मी नीट घड्या घातल्या, आई. कोपऱ्याला कोपरा जुळवून. वाटेत बाबांसाठी संत्री घेतली. निवडून घेतली. सुटे नव्हते म्हणून दुकानदाराशी वादही घातला.”

“तू घाईने आली असतीस,” आई हळूच म्हणाली. “रस्ता ओलांडताना तुझं लक्ष नसतं.”

“मी जिन्यात पोचले तेव्हा तू काय म्हणालीस? ‘डॉक्टर येऊन गेले.’ मी विचारलं, काय म्हणाले? तू म्हणालीस, ‘आता त्रास नाही.’ मला वाटलं, इंजेक्शन दिलं. मी हातात संत्री घेऊन आत गेले.” ती थांबली. “आजपर्यंत तू मला ते सांगितलेलं नाहीस. कुणीच नाही. मला दाखल्यावर वाचावं लागलं.”

आई खाली बसली. सोफ्यावर नाही, बाबा गेल्यापासून ती त्याच्यावर बसतच नसे. ती सोफ्याच्या पायाशी, जमिनीवर बसली. रात्रीचं जेवण कुणी वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी, चार तारखेला, लेकीने पुन्हा अर्धी रजा घेतली. घरी आली तेव्हा आई इस्त्रीची साडी नेसून, केस विंचरून खुर्चीत बसली होती. समोर पाण्याचा तांब्या.

“कुणाकडे जायचंय का?”

“लाव फोन,” आई म्हणाली.

लेकीने नंबर लावला आणि आवाज दोघींना ऐकू येईल असा मोठा केला. आधी यंत्राने सांगितलं की हे संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे. आईने यंत्राला “बरं” म्हटलं. मग सर्दीवाला आला.

“काकू! तुम्ही? अहो, कशा आहात? कार्ड मिळालं का?”

“मिळालं हो. मी बरी आहे. मला काही झालेलंच नव्हतं. तुमची सर्दी?”

“आहे तशीच.”

“वाफ घेताय ना?”

“आई,” लेक म्हणाली. घड्याळात साडेचार वाजले होते. पाचला कचेरी बंद होत होती.

आईने मान डोलावली. “भाऊ, तुम्ही बसलेले आहात ना?”

“काकू, आम्ही बसलेलेच असतो. फोनची वायर तेवढीच आहे.”

“जवळ कुणी आहे का तुमच्या?”

“ऐंशी जण आहेत. का?”

“पाणी आहे जवळ? असू द्या. हे बघा, काल रात्रीपासून यांना जरा...” आई अडखळली. लेकीने आईकडे बघायचं टाळलं. ती खिडकीच्या नव्या चौकटीकडे बघत होती. आईने तांब्यातलं पाणी प्यायलं आणि सरळ बसली.

“नाही,” ती म्हणाली. “काल रात्री काही झालं नाही. भाऊ, माझे यजमान वारले. अकरा तारखेला. तुमचा पहिला फोन आला त्याच्या आधीच्या आठवड्यात. मंगळवार होता. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. सोफ्यावर बसले होते. मी चहा टाकत होते, म्हणून विचारलं, साखर घालू का, तर ओ नाही. मी पुन्हा विचारलं. मग जाऊन बघितलं. मरण पावले होते. मी हात लावून बघितला. साडेतीनला मी लेकीला फोन केला तेव्हा ते वारलेलेच होते. मला माहीत होतं. मी तिला तसं सांगितलं नाही.”

पलीकडे ऐंशी माणसं आपापल्या फोनवर बोलत होती, त्याची गुणगुण तेवढी येत होती. मग नाक ओढल्याचा आवाज आला. ती सर्दी होती की आणखी काही, ते सांगणं अवघड होतं.

“पण काकू,” सर्दीवाला म्हणाला, “सूप?”

“सूप मीच प्यायले.”

“आणि जिन्यापर्यंत चालत...?”

“मीच जाते. संध्याकाळी. उगीच.”

“मी विभागात सगळ्यांना सांगितलं होतं हो. डोळे उघडले त्या दिवशी मी पेढ्यांसारखे... म्हणजे बिस्किटं वाटली होती.”

“माझंच चुकलं, भाऊ. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी... पाणी प्या बघू आधी. प्यायलात? सावकाश.”

तो पाणी प्यायल्याचं सगळं फोनवर ऐकू आलं. आई तोवर थांबली. मग त्याने घसा साफ केला आणि त्याला जे वाचून दाखवायचं होतं ते वाचून दाखवलं. आपल्या दुःखात कंपनी सहभागी आहे. आता निवेदनाला मान्यता देण्यासाठी फोन यंत्राकडे वळवण्यात येत आहे. “ठेवतो, काकू,” तो शेवटी म्हणाला. पुढच्या बुधवारचं काही बोलला नाही.

यंत्राचा आवाज एका आनंदी बाईचा होता. “आपले निवेदन नोंदवले आहे. ते बरोबर असल्यास एक दाबा. पुन्हा ऐकायचे असल्यास दोन दाबा. दहा सेकंदांत काहीही न दाबल्यास निवेदन रद्द होईल.”

लेकीचं बोट एकवर गेलं आणि तिथेच राहिलं. यंत्र मागे सेकंद मोजत होतं. प्रत्येक सेकंदाला बारीक टिक् होत होतं. सहा झाले. सात झाले.

“अगं, दाब ना,” आई कासावीस होऊन म्हणाली. “रद्द होईल. पुन्हा नाही हं मी बोलणार.”

लेकीने दोन दाबलं.

खोलीत आईचा आवाज पुन्हा सुरू झाला. ‘भाऊ, माझे यजमान वारले.’ फोनमधून तो जरा लांबचा, जरा तरुण वाटत होता. दोघी हात मांडीवर ठेवून, परक्या बाईचं ऐकावं तशा ऐकत राहिल्या. अकरा तारीख, मंगळवार, तीन दहा. चहा. साखर. ‘मी हात लावून बघितला.’ लेकीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते तिथे. दोन महिने चोवीस दिवस ते कुठे अडलं होतं कुणास ठाऊक. आईने तिच्याकडे पाहिलं नाही, पण हात पुढे करून तिचं मनगट धरलं. ‘मी लेकीला फोन केला तेव्हा ते वारलेलेच होते. मला माहीत होतं. मी तिला तसं सांगितलं नाही.’

“निवेदन बरोबर असल्यास एक दाबा,” आनंदी बाई म्हणाली.

“बरोबर आहे?” आईने लेकीला विचारलं.

लेकीने मान डोलावली. एक आईनेच दाबलं, चष्मा वर करून, आकडा नीट पाहून.

“धन्यवाद. खाते बंद करण्यात आले आहे. यापुढे कोणतीही वसुली होणार नाही. आपला दिवस आनंदात जावो.”

“तुमचाही,” आई म्हणाली, आणि फोन बंद झाल्यावर बराच वेळ तो हातातच धरून बसली.

“फार एकदम सांगितलं का गं मी?” तिने विचारलं. “कुणीतरी असेल ना त्यांच्याजवळ?”